तारुण्याची उसनवारी

ययाती राजाची कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापाने त्या राजाला अकाली वार्धक्य आले. परंतु शापाबरोबर उःशापही मिळाला होता. कोणी आपण होऊन स्वतःचे तारुण्य राजाला दिले व त्याची जरा स्वीकारली, तर ही अदलाबदल घडू शकणार होती. वडील मुलांनी नकार दिला; धाकट्या पुरूने मात्र पित्याचे म्हातारपण आपल्या अंगावर घेतले. ह्याच कथेवर वि. स. खांडेकर ह्यांनी १९५९ साली कादंबरी लिहिली व ती मराठी वाचकांनी डोक्यावर घेतली. कथेतील मर्म असे आहे की, तीत तारुण्य विकत मिळत नाही. ते उसने मिळते, आणि उसनवारीचा भार कोणाला तरी सोसावा लागतो.

आज हे तारुण्य औषधाच्या कुपीत मिळते, अशी बोलवा आहे. बदलापूरच्या पश्चिमेकडील मांजर्लीत राहणारा पंचावन्न वर्षांचा एखादा गृहस्थ श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. पहाटे साडेचारला उठायचे, डबा घेऊन स्टेशन गाठायचे, उभ्याने प्रवास करून मुंबईतील कचेरीत पोचायचे आणि रात्री नवाच्या सुमारास घरी परतायचे, हा त्याचा तीस वर्षांचा क्रम. निजायला अकरा-साडेअकरा होतात. अलीकडे त्याला थकवा जाणवतो, पोट सुटले आहे, बारीकसारीक गोष्टींवरून चिडचीड होते आणि दांपत्यसुखातील गोडी ओसरली आहे. एके दिवशी गाडीतील नित्याचा सोबती कानाशी लागून सांगतो, ‘‘अहो, मी इंजेक्शने सुरू केली आहेत. पंधरा दिवसांत वीस वर्षे मागे गेलो. तुम्ही एकदा घेऊन तर पाहा!’’ गृहस्थ ऐकून घेतो. घरी पत्नी विचारते, ‘‘अहो, हल्ली तुमचे लक्ष कुठे असते?’’ त्यावर तो काही बोलत नाही. सोबत्याचा सल्ला मात्र मनात घर करून राहतो.

हा सल्ला त्याने मानावा की नाही, हा आजचा प्रश्न. सोबती खोटे बोलत आहे असे समजण्याचे कारण नाही. त्याला बरे वाटले हे खरेच असेल. परंतु बरे वाटणे हा पुरावा कितपत भरवशाचा, हे ह्या औषधाचा इतिहास पाहिल्यावाचून कळणार नाही.

इंजेक्शनातील द्रव्याचे नाव टेस्टोस्टेरॉन. पुरुषाच्या वृषणग्रंथींत ते तयार होते व रक्तात मिसळून सर्व शरीरभर जाते. वयात येणाऱ्या मुलाला मिसरूड फुटते, आवाज घोगरा होतो, खांदे भरतात, ते ह्याच्याच योगाने. पुढेही स्नायूंचे बळ, हाडांची घनता, रक्तातील तांबड्या पेशी आणि कामेच्छा ह्यांवर त्याचा अंमल चालतो. नाव नवे असले तरी अनुभव जुना आहे. आपला शेतकरी गोऱ्ह्याला खच्ची करतो, तेव्हा त्याला हेच ज्ञान असते. जो मोकळा राहिला तो वळू होतो, त्याचे वशिंड चढते, तो डिरकाळ्या फोडतो. जो खच्ची झाला तो मुकाट्याने जू मानेवर घेतो. उमेद खचलेल्या माणसाविषयी बोलताना ‘‘त्याचे खच्चीकरण झाले’’ असे आपण म्हणतो, तो शब्द गोठ्यातूनच आला.

ह्या गोठ्यातील ज्ञानाला शास्त्राचे रूप दिले ते जर्मनीतील गटिंगेन येथील बेर्टहोल्ड ह्या प्राध्यापकाने. १८४९ साली त्याने सहा कोवळ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणे काढलेल्या कोंबड्याचा तुरा सुकतो, तो आरवत नाही व झुंजतही नाही, हे ठाऊकच होते. बेर्टहोल्डने काही कोंबड्यांच्या पोटात काढलेले वृषण पुन्हा ठेवून दिले. त्याचा जुन्या मज्जातंतूंशी संबंध उरला नव्हता, तरी त्या कोंबड्यांचे तुरे लालबुंद राहिले व ते आरवू लागले. तेव्हा वृषणातून काही तरी रक्तात उतरते व तेच हे सारे घडविते, असे अनुमान निघाले. आपल्याकडे आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हे स्वतंत्र अंग आहे, आणि सुश्रुतसंहितेत बोकडाचे वृषण दुधात शिजवून देण्याचा योग सांगितला आहे. म्हणजे हा शोध एका देशाचा वा एका काळाचा नव्हे.

यापुढची गोष्ट पॅरिसमधली आहे. ब्राउन-सेकार हा तेथील नामांकित शरीरशास्त्रज्ञ. १ जून १८८९ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, तो विद्वानांच्या सभेपुढे उभा राहिला व त्याने स्वतःवर केलेला प्रयोग निवेदन केला. कुत्र्यांची व गिनीपिगांची वृषणे कुटून, गाळून त्यांचा पाण्यातील अर्क त्याने कातडीखाली टोचून घेतला होता. परिणाम विलक्षण झाला, असे त्याने सांगितले. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहता येऊ लागले, जिना धावत चढता येऊ लागला, हातांचे बळ वाढले. ही वार्ता पसरताच देशोदेशींचे डॉक्टर असे अर्क टोचू लागले. ब्राउन-सेकार हा भोंदू नव्हता. मज्जारज्जूवरील त्याचे संशोधन आजही वैद्यकाच्या पुस्तकांत शिकवितात. परंतु मौज अशी की, टेस्टोस्टेरॉन हे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याने टोचून घेतलेल्या अर्कात ते द्रव्य परिणाम होण्याइतके असणे शक्य नव्हते. तेव्हा जिना चढविला तो अर्काने नव्हे, श्रद्धेने चढविला.

विसाव्या शतकात श्रद्धेला शस्त्रक्रियेची जोड मिळाली. पॅरिसमध्ये व्होरोनॉफ ह्या शल्यवैद्याने १९२० पासून चिंपँझीच्या वृषणाचे पातळ काप माणसांत बसविण्यास आरंभ केला. व्हिएन्नातील श्टाइनाख ह्याने वीर्यवाहिनी बांधण्याची युक्ती काढली. वाट बंद केली की ग्रंथी आपली शक्ती अंतःस्रावाकडे वळवील, अशी त्याची उपपत्ती. १९२३ साली सिग्मंड फ्रॉइडने व १९३४ साली आयरिश कवी येट्सने ही शस्त्रक्रिया करून घेतली. येट्सला तर दुसरे तारुण्य आल्यासारखे वाटले, आणि उरलेल्या पाच वर्षांत त्याने उत्तम कविता लिहिल्या. आता ही शस्त्रक्रिया म्हणजे वस्तुतः आपल्या ओळखीची नसबंदीच! आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ ह्या एका वर्षात, भारतात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. त्यांपैकी कित्येकांवर ती सक्तीने लादली गेली. श्टाइनाखची उपपत्ती खरी असती, तर एवढे पुरुष एकाच वर्षात तरुण व्हावयास हवे होते. तसा अनुभव कोणी सांगितल्याचे ऐकिवात नाही. येट्सच्या मनात आशा होती. ह्या माणसांच्या मनात भीती होती. चाकू एकच, पण अनुभव निराळे.

खरे द्रव्य हाती आले ते १९३५ साली. त्यापूर्वी १९३१ मध्ये बुटेनांट ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पोलिसांच्या पंधरा हजार लिटर मूत्रातून अवघे पंधरा मिलिग्रॅम पुरुषस्राव वेगळा केला होता. तो टेस्टोस्टेरॉनचा सौम्य भाऊबंद निघाला. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅम येथे लाकर व त्याचे सहकारी ह्यांनी बैलांच्या वृषणांतून मूळ द्रव्य मिळवून त्यास टेस्टोस्टेरॉन हे नाव दिले. त्याच वर्षी बुटेनांटने जर्मनीत व रुझिच्काने स्वित्झर्लंडमध्ये ते कोलेस्टेरॉलपासून कृत्रिम रीतीने तयार केले. दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता कुत्रे नको, माकड नको. कारखान्यात हवे तेवढे औषध होऊ लागले.

अमेरिकेत पॉल द क्रुइफ हा शास्त्रविषयक लेखक फार लोकप्रिय होता. सूक्ष्मजंतूंच्या संशोधकांवरील त्याचे पुस्तक जगभर वाचले गेले. पन्नाशी उलटल्यावर त्याने ह्या स्रावाच्या गोळ्या घेतल्या व १९४५ साली ‘दि मेल हॉर्मोन’ ह्या नावाने पुस्तक लिहून आपला अनुभव उघडपणे जगासमोर मांडला. त्यालाही उत्साह वाटला. पुढे अशा जातीच्या गोळ्या यकृताला बाधक ठरल्या, ही गोष्ट वेगळी.

येथे श्रोत्यांनी किंचित थांबून विचार करावा. ब्राउन-सेकारच्या अर्कात औषध जवळजवळ नव्हते. द क्रुइफच्या गोळीत ते होते. दोघेही प्रामाणिक होते, दोघेही विद्वान होते, आणि दोघांचीही साक्ष एकसारखीच आहे! ज्याच्या पोटात औषध गेले आणि ज्याच्या पोटात गेले नाही, त्या दोघांना जर सारखेच ताजेतवाने वाटत असेल, तर केवळ ‘‘मला बरे वाटले’’ ह्या वाक्यावरून औषधाची परीक्षा होऊ शकत नाही. गाडीतील सोबत्याचे वाक्य तर ह्याच जातीचे आहे.

मग परीक्षा करावी कशी? अर्ध्या माणसांना खरे औषध द्यावे, अर्ध्यांना तसेच दिसणारे निर्गुण द्रव्य द्यावे, आणि कोणाला काय दिले हे रुग्णाला व डॉक्टरला दोघांनाही कळू देऊ नये. अमेरिकेत अशी परीक्षा झाली व तिचे फळ २०१६ साली प्रसिद्ध झाले. पासष्टीपुढचे, रक्तातील पातळी खरोखर कमी असलेले ७९० पुरुष तीत होते. त्यांना वर्षभर कातडीवर लावण्याचे औषध दिले. कामेच्छेत व दांपत्यव्यवहारात माफक सुधारणा झाली. मनःस्थिती थोडी सुधारली. परंतु थकव्याच्या बाबतीत, ज्यासाठी मांजर्लीचा गृहस्थ हे औषध घेऊ पाहतो त्या बाबतीत, ठाम लाभ दिसला नाही. पुढील वर्षी आणखी निष्कर्ष आले: हाडांची घनता वाढली, पांडुरोग सुधारला, स्मरणशक्तीत काही फरक पडला नाही. तात्पर्य, औषध निरुपयोगी नाही. पण त्याच्याविषयी जे बोलले जाते त्याहून ते पुष्कळच लहान आहे.

तथापि काही पुरुषांना हे औषध वरदानच ठरते, हे येथे निक्षून सांगितले पाहिजे. काहींच्या जन्मतःच पेशींत एक एक्स गुणसूत्र अधिक असते. सुमारे सहाशे मुलग्यांत एक, असे हे प्रमाण आहे. काहींना वयात येताना गालगुंडांचा आजार वृषणांपर्यंत पोचून इजा करतो. काहींच्या मेंदूतळच्या पिट्यूटरी ग्रंथीवर गाठ येते, तर काहींचे वृषण कर्करोगापायी काढावे लागतात. अशा तरुणाला दाढी येत नाही, हाडे ठिसूळ होतात, अंगात त्राण नसते आणि चारचौघांत तो मान खाली घालून वावरतो. त्याला मिळणारे टेस्टोस्टेरॉन ही चैन नव्हे. मधुमेह्याच्या इन्शुलिनसारखी ती त्याच्या शरीराची हक्काची भरपाई आहे. अशा रुग्णाने लाजेने दवाखाना टाळणे हे निरोगी माणसाने मोहाने औषध घेण्याइतकेच अनिष्ट आहे.

मध्यम वयानंतर ही पातळी हळूहळू उतरते, हे खरे. परंतु उतरणे वेगळे आणि आटणे वेगळे. युरोपातील आठ केंद्रांत चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या तीन हजारांवर पुरुषांची पाहणी झाली. २०१० साली तिचा अहवाल आला. कमी पातळी आणि तिला अनुरूप लक्षणे अशी दोन्ही ज्यांच्यात आढळली, ते शंभरात दोनच भरले. इकडे अमेरिकेत चाळिशीपुढच्या पुरुषांत हे औषध घेणाऱ्यांचे प्रमाण २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांत तिपटीहून अधिक झाले. रोग एवढा वाढला नव्हता. वाढली ती जाहिरात.

आता उसनवारीचा भार कोण सोसतो, ते पाहावे. मेंदूतळची पिट्यूटरी ग्रंथी ही वृषणांवरची मुकादम. रक्तातील स्राव कमी झाला की ती हुकूम सोडते, पुरेसा झाला की गप्प बसते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन येऊ लागले की मुकादमाला वाटते, माल भरपूर आहे. आणि हुकूम बंद होतात. दारात नळ आला की घरचा आड गाळाने भरतो, तसे होते. वृषणे आकसतात व शुक्रजंतूंची निपज थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने ह्या गुणाचा उपयोग पुरुषांच्या संततिनियमनासाठी करून पाहिला होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम औषध टोचले असता, सहा महिन्यांत सुमारे दोनतृतीयांश पुरुषांच्या वीर्यात शुक्रजंतू उरले नाहीत.

व्यायामशाळेत दंड फुगविण्यासाठी कोणाच्या तरी सांगण्यावरून हीच इंजेक्शने घेणारा पंचविशीचा तरुण हे जाणत नाही. पौरुष वाढावे म्हणून त्याने जे घेतले, तेच त्याला पितृत्वापासून दूर नेते. दोन-तीन वर्षांनी लग्न होते, मूल होत नाही, आणि आपल्या समाजाच्या रीतीप्रमाणे पहिली तपासणी, पहिला उपास-नवस आणि पहिला टोमणा येतो तो सुनेच्या वाट्याला. औषध सोडल्यावर बहुतेकांची निपज काही महिन्यांत, कधी वर्षाहून अधिक काळाने, पूर्ववत होते. पण तोवर त्या मुलीने जे ऐकून घेतलेले असते, ते पूर्ववत होत नाही. ययातीचे म्हातारपण पुरूने सोसले होते. येथे ते एका परक्या घरून आलेल्या मुलीला सोसावे लागते. ज्यास अपत्याची इच्छा आहे त्याने बाहेरचे टेस्टोस्टेरॉन घेऊ नये, हा वैद्यकाचा स्पष्ट नियम आहे. त्याच्यासाठी उपाय निराळे आहेत व ते तज्ज्ञाने ठरवावयाचे आहेत.

दुसरेही धोके आहेत. रक्त दाट होते, म्हणून वेळोवेळी त्याची तपासणी करावी लागते. प्रोस्टेट ग्रंथीचा वा पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग असलेल्यास हे औषध देत नाहीत. कातडीवर लावण्याचा लेप नीट वाळला नाही, तर मांडीवर बसलेल्या नातवाच्या अंगी तो लागू शकतो. हृदयविकाराची भीती बरीच वर्षे होती. २०२३ साली पाच हजारांवर पुरुषांच्या परीक्षेत, हृदयाचे झटके वगैरे मोठे विकार औषध घेणाऱ्यांत व न घेणाऱ्यांत सारखेच, म्हणजे शेकडा सातच्या आसपास, आढळले. परंतु हृदयाचे अनियमित ठोके, फुप्फुसातील रक्ताची गुठळी व मूत्रपिंडाची इजा ह्या गोष्टी औषध घेणाऱ्यांत अधिक दिसल्या. आणि हाडे घट्ट होऊनही अस्थिभंग मात्र कमी न होता वाढले.

मग मांजर्लीच्या त्या गृहस्थाने काय करावे? प्रथम तपासणी, मग औषध. तपासणीही रीतीने झाली पाहिजे. टेस्टोस्टेरॉनची पातळी सकाळी सर्वांत वर असते व दिवसा उतरते. म्हणून रक्त सकाळी, दहाच्या आत व उपाशीपोटी द्यावे. कचेरीतून परतताना संध्याकाळी दिलेल्या रक्ताचा आकडा फसवा असतो. एकदा कमी आली म्हणून निर्णय घेऊ नये; दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावी. त्याबरोबरच साखर, थायरॉइड व रक्तातील लाली पाहावी, कारण थकव्याचे मूळ बहुधा तेथे सापडते.

आणि सर्वांत आधी त्याने आपल्या घड्याळाकडे पाहावे. अमेरिकेतील एका लहानशा प्रयोगात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, तेवढ्यानेच त्यांची दिवसाची पातळी शेकडा दहा ते पंधराने उतरली. आपला गृहस्थ तीस वर्षे पाचच तास झोपत आला आहे! पोटावरची चरबीही ही पातळी उतरविते आणि वजन घटले की ती चढते. पहाटेची गाडी त्याला सोडता येणार नाही. पोटाचा तो प्रश्न आहे. पण रात्री दहाला दिवा मालवणे, सुटीच्या दिवशी उल्हास नदीच्या बाजूला तासभर पायी फिरणे, रात्रीचा भात आवरता घेणे, एवढे त्याच्या हाती आहे. हे उपाय जाहिरातीत दिसत नाहीत, कारण ते कोणास विकता येत नाहीत.

राहता राहिली ती लाज. र. धों. कर्वे ह्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. ह्या विषयावर स्वच्छ मराठीत, नाव घेऊन बोलावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी खटले सोसले, दंड भरला. १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात डॉ. आंबेडकरांनी मांडली. कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करू नये, असा कायदा भारतात १९५४ पासून आहे. तरी अशा जाहिराती भिंतींवरून व पडद्यांवरून हटत नाहीत. घरात आणि दवाखान्यात जो विषय बोलला जात नाही, तो बाजारात विकला जातो. सोबत्याच्या कानगोष्टीला वजन येते, ते ह्या मौनामुळे.

महाभारतातील ययातीने सहस्र वर्षे उपभोग घेतला. मग त्याला उमगले की उपभोगाने वासना शमत नाही, आणि त्याने पुरूचे तारुण्य पुरूला परत केले. त्या राजाला परतफेड करण्याची संधी तरी होती. मांजर्लीच्या गृहस्थाला ययाती होण्याचे कारण नाही. पत्नीने पुन्हा एकदा ‘‘अहो, हल्ली तुमचे लक्ष कुठे असते?’’ असे विचारले, तर त्याने त्या रात्री खरे उत्तर द्यावे. सकाळी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. रक्तात उणीव निघाली तर औषध निःसंकोच, देखरेखीखाली घ्यावे. निघाली नाही तर पंचावन्नावे वर्ष हे पंचावन्नावे वर्ष म्हणूनच जगावे. त्या वर्षाला स्वतःची अशी गोडी असते. तिला उसन्याची गरज नाही.